कॅट काढला तर सेन्सरला काय होतं? त्याआधी पी०४२० काय सांगतोय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर चाललेली, दोन वर्षांपूर्वी बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. महिनाभर चेक इंजिनचा दिवा लागतोय आणि स्कॅनरवर पी०४२० हा बिघाडाचा कोड येतोय. चढाला गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. गॅरेजवाल्याने कॅटबद्दल, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरबद्दल सांगितलं, "कॅट गेलाय, आतली जाळी फोडून टाकू, पिकअप येईल, सेन्सरला काही होत नाही." तुम्हाला विचारायचंय ते हे, की सेन्सर खरंच बिघडणार नाहीत ना, आणि इंजिनला काही धोका आहे का.

सेन्सरपुरतं उत्तर लगेच देतो. जाळी फोडल्याने सेन्सर जळत नाहीत आणि गाडी बंदही पडत नाही. गॅरेजवाला तेवढ्यापुरतं खरं बोलतोय. पण तुमच्या तक्रारी दोन आहेत, दिवा आणि ओढ, आणि त्याने दोन्हींची गाठ एकाच सुट्या भागाशी बांधून टाकली. ती गाठ बरोबर आहे की नाही हे अजून कुणीच तपासलेलं दिसत नाही. पी०४२० चा अर्थ "कॅट मेला" असा नसतो. "कॅटच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या सांगण्यात जेवढा फरक असायला हवा तेवढा दिसत नाही" एवढंच तो कोड सांगतो. फरक का दिसत नाही, हे शोधायचं काम मिस्त्रीचं.

आधी ही दोन सेन्सरांची जोडी काय करते ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनचा संगणक, म्हणजे ईसीएम, हे प्रमाण सतत सांभाळत असतो आणि त्यासाठी कॅटच्या आधी बसवलेल्या पहिल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत असतो. तुमच्या वयाच्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर साध्या झिर्कोनियाचा असतो. धुरात ऑक्सिजन कमी असला की ०.९ व्होल्टच्या आसपास, जास्त असला की ०.१ च्या आसपास. ईसीएम पेट्रोल जरा वाढवतो, जरा कमी करतो, त्यामुळे स्कॅनरवर या सेन्सरची रेषा ईसीजीसारखी वरखाली नाचत राहते. ती नाचायलाच हवी.

पुढे येतो कॅट. आत मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. शिवाय त्या थरात सिरियम ऑक्साइड असतं, आणि आपल्या प्रश्नात महत्त्वाचं तेच. धुरात ऑक्सिजन जास्त आला की ते साठवून ठेवतं, कमी पडला की परत देतं. पाण्याच्या टाकीसारखं. वरून पाणी कमीजास्त आलं तरी खालच्या नळाची धार एकसारखी. म्हणून कॅटच्या मागे बसवलेल्या दुसऱ्या सेन्सरची रेषा धडधाकट गाडीत ०.६-०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ आडवी असते. टाकीची क्षमता घटली की मागची रेषाही पुढचीसारखी नाचायला लागते. ईसीएम या दोन रेषा ताडून बघतो आणि सलग दोन-तीन फेऱ्यांत तेच दिसलं की दिवा लावतो.

आता जाळी फोडली असं धरू. टाकीच नाही, म्हणजे दुसरा सेन्सर पहिल्याची हुबेहूब नक्कल करणार, फक्त क्षणभर मागे. सेन्सर ठणठणीत आहे, जे दिसतं ते खरंच सांगतोय, आणि म्हणूनच पी०४२० आता कायमचा येणार. मिश्रणाचं मुख्य काम पहिल्या सेन्सरवर चालतं, त्यामुळे ॲव्हरेजमध्ये मोठा फरक सहसा दिसत नाही. पण पुष्कळ गाड्यांत ईसीएम दुसऱ्या सेन्सरवरूनही मिश्रणात बारीक सुधारणा करतो. पहिला सेन्सर म्हातारा होऊन जरा चुकायला लागला की दुसरा त्याची चूक सावरतो. जाळी गेली की हा आधार डळमळतो. हे गाडीगाडीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत कधीच जाणवत नाही, काहींत आयडलिंगला इंजिन हलकेसे हुंदके देतं.

खरी खराबी बहुतेक वेळा कॅट नसण्यापेक्षा तो ज्या पद्धतीने काढला जातो त्यातून होते, आणि ती मी पुष्कळ पाहिली आहे. जाळी फोडायला नळकांडं कापतात, पुन्हा वेल्डिंग मारतात. वेल्डिंगला सुईच्या अग्राएवढं भोक राहिलं तरी पुरे. तुम्हाला वाटेल की तिथून धूर बाहेर येईल, फार तर आवाज येईल. पण सायलेन्सरमधून धूर ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये आत क्षणभर ओढ तयार होते आणि त्या भोकातून बाहेरची हवा आत शिरते. भोक पहिल्या सेन्सरजवळ असेल तर त्याला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो सांगतो "पेट्रोल कमी पडतंय", आणि ईसीएम प्रामाणिकपणे पेट्रोल वाढवत राहतो. पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. सेन्सर चांगला, इंजेक्टर चांगले, दोष फक्त वेल्डिंगचा. अशा गाडीला दोन-दोन वेळा सेन्सर बदलून झालेले असतात.

दुसरी गोष्ट, कॅट काढून सरळ पाइप टाकला आणि दुसरा सेन्सर लोंबकळत सोडला किंवा वायर कापली, तर त्याच्या हीटरच्या सर्किटचा पी०१४१ आणि सेन्सरचेच आणखी कोड येतात. तिसरी, सांध्यावर साधं सिलिकॉन लावतात. ते तापलं की त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढऱ्या खरखरीत थरासारखी बसते आणि तो सेन्सर मरतो. सेन्सर काढून टोक बघा, ते खूप काही बोलतं: पांढरी पूड म्हणजे सिलिकॉन, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, करड्या-तपकिरी रंगाचा थर म्हणजे इंजिन ऑईल खातंय. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर आणि सेन्सर काढून ठेवणं हा साधा नियम आहे, तोही पाळला जात नाही.

आणि आता त्या दिव्याबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. माझं गॅरेज सांगलीच्या बाजूला आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर एक शिक्षिका गाडी घेऊन आल्या. वर्षभरापूर्वी दुसरीकडे जाळी फोडून घेतली होती आणि त्यांना सांगितलं होतं, "हा दिवा आता असाच राहणार, तिकडे बघू नका." त्यांनी ऐकलं. मग तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल गेली. दिवा लुकलुकायला लागला. लुकलुकता दिवा म्हणजे मिसफायर होतोय, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये, आता थांबा, एवढा त्याचा सरळ अर्थ. पण त्यांच्या दृष्टीने तो तोच जुना दिवा. आठ-दहा दिवस तशीच शाळेत ये-जा चालली. मी ऑईलची पट्टी काढली तर ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर, चहासारखं पातळ, आणि नाकाला पेट्रोलचा वास. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन खाली ऑईलमध्ये उतरत होतं. कॉम्प्रेशन घेतलं, तिसरं बाकी तिन्हींपेक्षा स्पष्ट कमी. एका कॉइलच्या किमतीत सुटणारं काम पिस्टनच्या रिंगांपर्यंत गेलं. त्या बाईंची यात काही चूक नव्हती. त्यांना दिव्याकडे बघू नका असं शिकवलं गेलं होतं.

यावर उपाय म्हणून दोन युक्त्या चालतात. एक, दुसऱ्या सेन्सरखाली लांब नळीचा स्पेसर लावायचा, म्हणजे त्याचं टोक धुराच्या प्रवाहाबाहेर जातं आणि रेषा मंद होते. दुसरी, ईसीएमचं रिमॅप करून, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलून, तो कोडच बंद करायचा. पहिली काही गाड्यांत चालते, काहींत महिनाभराने दिवा परत. दुसरी चालते, पण स्वस्तात केलेल्या रिमॅपमध्ये एका कोडबरोबर शेजारचे कामाचे कोडही बंद केलेले मी पाहिलेत. मी दोन्ही करत नाही. साक्षीदाराचे डोळे बांधून खटला निकालात काढण्यासारखं आहे ते.

काय गाडीवर अवलंबून आहे तेही सांगतो, कारण तुमच्या ओळखीत कुणीतरी म्हणेल की "माझ्या गाडीचा कॅट काढला, दिवाबिवा काही लागला नाही." शक्य आहे. जुन्या बीएस-३ गाड्यांत बऱ्याचदा एकच सेन्सर असायचा, मागचा नव्हताच, मग ताडून बघणार कोण? आपल्याकडे गाडीने स्वतःच्या प्रदूषणावर स्वतः लक्ष ठेवायची सक्ती बीएस-४ बरोबर टप्प्याटप्प्याने आली, २०१० आणि मग २०१३. तुमची गाडी त्यानंतरची, म्हणजे लक्ष ठेवणारी. बीएस-६ गाड्या आणखी कडक आहेत. त्यांतल्या अनेकांत पहिला सेन्सर वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा असतो, त्याची रेषा अशी नाचत नाही, त्यामुळे वर सांगितलेली तुलना तशीच्या तशी तिथे लावू नका. डिझेलचा विषय पूर्ण वेगळा, तिथे डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्याचे दाबाचे आणि तापमानाचे सेन्सर आहेत, तो या उत्तरात घेत नाही.

आता तुमची गाडी माझ्याकडे आली असती तर मी काय केलं असतं.

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघितली असती. दिवा लागला त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, फ्युएल ट्रिम किती (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय), हे ईसीएम जपून ठेवतो. आपल्याकडे पहिलं काम कोड पुसायचं करतात आणि हा पुरावा जातो. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे या सुधारणेचा दीर्घकाळचा आकडा, पाच टक्क्यांच्या आत असेल तर छान, दहापर्यंत चालून जाईल, अधिक दहाच्या वर असेल तर कॅटला हात लावायच्या आधी हवेची गळती, पेट्रोलचा दाब, इंजेक्टर हे बघायचं. मग थंड इंजिनवर सायलेन्सरची गळती. थंडच का, तर तापल्यावर धातू फुगून बारीक फट मिटते. मॅनिफोल्डचं गॅस्केट, फ्लेक्स पाइपची जाळी, सांधे. शेवटच्या टोकाला ओलं फडकं क्षणभर धरलं की गळती फुसफुसते. दुसऱ्या सेन्सरच्या जरा आधी गळती असेल तर तेवढ्यावरही पी०४२० येऊ शकतो.

दुसऱ्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, तोही उघडून बघतो. तो गाडीच्या पोटाखाली असतो. २०१९ च्या ऑगस्टच्या पुरातून निघालेल्या गाड्यांत त्या कपलरमध्ये वाळलेला गाळ आणि हिरवी पडलेली पिन मी स्वतः खरवडून काढली आहे. त्यातल्या दोन गाड्यांना "कॅट गेला" असं सांगून झालं होतं.

आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय सीएनजी किटवर आहे. किटची ट्यूनिंग दोन वर्षं बघितली नसेल तर गॅसवर मिश्रण पातळ झालेलं असू शकतं. गॅसला ठिणगी जास्त जोरकस लागते. पेट्रोलवर चालून जाणारा झिजलेला प्लग गॅसवर चढाला मिसिंग, म्हणजे तोच मिसफायर, देतो, आणि तुमची ओढीची तक्रार नेमकी चढाचीच आहे. प्रत्येक मिसिंगला न जळलेला गॅस कॅटमध्ये जाऊन तिथे पेटतो, जाळी नको तेवढी तापते आणि थर म्हातारा होत जातो. शिवाय गॅसमधला मिथेन कॅटमध्ये जाळायला पेट्रोलच्या धुरापेक्षा जास्त उष्णता लागते. म्हणून एक सोपी गोष्ट करा, पैसे लागत नाहीत: फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून घ्या, कोड पुसा, आणि २००-३०० किलोमीटर निव्वळ पेट्रोलवर चालवा, त्यात थोडा हायवे असू द्या. पेट्रोलवर ओढ परत आली आणि दिवा लागला नाही तर कॅटला सोडा, प्लग, एअर फिल्टर आणि किटची ट्यूनिंग बघा. दोन्ही इंधनांवर सारखंच होत असेल तर पुढे जाऊ.

पुढे म्हणजे बॅकप्रेशर, धूर अडल्याने मागे साठणारा दाब. कॅट खरंच चोंदला असेल तर ओढ कमी होते हे खरं आहे. पण ते मोजता येतं, अंदाज करावा लागत नाही. पहिला सेन्सर काढायचा, २२ चा खाचेचा पाना लागतो, आणि त्या जागी दाबाचं घड्याळ बसवायचं. आयडलिंगला सव्वा-दीड पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर कॅट मोकळा आहे. जाळी फोडून तुम्हाला कसलाही पिकअप मिळणार नाही, कारण अडथळा तिथे नाहीच. पाच-सहाच्या वर जात असेल तर चोंदलाय. माझ्या अनुभवात पी०४२० घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांचा कॅट मोकळाच निघतो. थर म्हातारा होणं आणि जाळी चोंदणं हे दोन वेगळे आजार आहेत. दिवा पहिल्याचा असतो, ओढ दुसऱ्याने जाते. जाळी फोडल्यावर आवाज वाढतो आणि आवाजामुळे गाडी पळतेय असं वाटतं, ते मात्र हमखास.

समजा सगळं तपासून कॅटच गेलेला निघाला. तर तो का गेला हे सापडल्याशिवाय नवा बसवू नका. मिसिंग, ऑईल खाणं, हेड गॅस्केटमधून कूलंट जाणं, भेसळीचं पेट्रोल, यातलं जे असेल ते नव्यालाही मारेल. कंपनीचा कॅट महाग आहे, बऱ्याच गाड्यांत रक्कम पाच आकडी होते, हे मला मान्य आहे आणि प्रत्येकाला एकदम झेपत नाही. बाजारात अगदी स्वस्तात मिळणाऱ्या कॅटवर मौल्यवान धातूचा थर कमी असतो, काही महिन्यांत तोच कोड परत येतो, त्यापेक्षा थोडं थांबून पैसे जमवलेले बरे. कॅट चोंदलेला नसेल आणि मिसिंग नसेल तर तेवढे दिवस ती चालवायला हरकत नाही. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो: कॅट कुठेही काढा, जुना तुकडा, फोडलेली जाळीसुद्धा, तुमच्या ताब्यात मागून घ्या. त्यातल्या धातूंमुळे तिला भंगारात चांगला भाव येतो. जो फुकटात किंवा अगदी कमी पैशांत फोडून देतो, त्याचा हिशेब तिथे असतो. सगळे तसे नसतात, पण विचारायला संकोच करू नका.

कायद्याचं थोडक्यात. प्रदूषणाची मर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र, अशी तरतूद २०१९ पासून आहे. बीएस-४ पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. कॅटशिवाय इंजिन ठीक असूनही ही मर्यादा पाळणं अवघड आहे.

"कॅट काढा" ही सवय आपल्याकडे जुनी आहे आणि तिला एकेकाळी कारणही होतं. १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅट सक्तीचा झाला, तेव्हा मी मुंबईत काम शिकत होतो. शिसं नसलेलं पेट्रोल सगळीकडे मिळत नव्हतं, बाहेरगावी शिशाचं पेट्रोल भरलं की कॅट खराब. उस्ताद लोक काढून टाकायचे. देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं २००० साली. आता पंपावर १० पीपीएम सल्फरचं पेट्रोल मिळतं, कारण संपलं, सवय तेवढी राहिली. मुलांच्या शाळेसमोर सिग्नलला उभ्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या उंचीवर कुणाची नाकं असतात ते बघा. मी त्यामुळेही हे काम घेत नाही.

तर पेट्रोलवर २००-३०० किलोमीटर चालवून घ्या आणि मग गाडी पूर्ण गरम असताना २५०० आरपीएमवर मिनिटभर धरून स्कॅनरवर दोन्ही सेन्सरच्या रेषा एकाच पडद्यावर काढायला सांगा. त्याचा फोटो, लाँग टर्म ट्रिमचा आकडा, आणि जमलं तर बॅकप्रेशर किती आलं ते लिहा. शेवटचे प्लग कधी बदलले आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑईल किती उतरतं तेही हवं. एवढं हातात आलं की कॅट ठेवायचा की बदलायचा हे ठरवायला फार वेळ लागणार नाही.